पुरस्कारांच्या यादीत उत्तम शिक्षक सापडेलच असं नाही

खासगी महाविद्यालयांत आणि खासगी विद्यापीठांत जे शिक्षक खरोखर चांगले ठरतात, ते वेगळं काय करतात? आणि त्याचा अभ्यास कसा करायचा? या खेपेला या विषयावर इंदूरहून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : पीएच.डी.साठी ‘इंदुरातल्या खासगी महाविद्यालयांमधले प्रभावी प्राध्यापक’ हा विषय घेतला आहे. ‘सर्वोत्तम शिक्षक’ पुरस्कार मिळालेल्या २० जणांच्या मुलाखती घ्यायच्या आणि त्यांतून समान गुण काढायचे, असा बेत आहे. गाइड म्हणतात, पुरेसं आहे. आपलं मत काय? — एक संशोधक विद्यार्थिनी, रामबाग

पुरेसं नाही. व्हायवाला बाहेरून येणारा परीक्षक पहिल्या पाच मिनिटांत याच ठिकाणी बोट ठेवेल. वीसच्या वीस जण तुम्हाला सांगतील की विषयाची आवड हवी, तयारी हवी, विद्यार्थ्यांविषयी आपुलकी हवी. पुरस्कार न मिळालेल्या, वर्गात जेमतेम शिकवणाऱ्या प्राध्यापकाला विचारा, तोही शब्दशः हेच सांगेल. मग हे गुण उत्तम शिक्षकाचे आहेत असं कशावरून म्हणायचं? ज्या गटाशी तुलना करायची तो गटच या आराखड्यात नाही.

म्हणून जोड्या लावा. एक नावाजलेला शिक्षक आणि त्याच महाविद्यालयातला, तोच पेपर, त्याच वर्षाला शिकवणारा एक सर्वसाधारण शिक्षक. अशा आठ जोड्या एका प्रबंधाला भरपूर होतात. वीस सुट्या मुलाखतींपेक्षा त्यांतून जास्त हाती लागेल.

आता नावाजलेला ठरवायचा कसा? ५ सप्टेंबरला शाल-श्रीफळ मिळालं म्हणून नव्हे. खासगी संस्थांत हा पुरस्कार कधी ज्येष्ठतेला मिळतो, कधी प्रवेशाच्या मोसमात केलेल्या धावपळीला. आम्ही तीन चाळण्या लावायला सांगू.

पहिली चाळणी निकालाची, आणि इथे खासगी क्षेत्रातली एक मोठी गोम आहे. देवी अहिल्या विश्वविद्यालयाशी संलग्न महाविद्यालयात अंतिम पेपर विद्यापीठ काढतं आणि तपासणीही विद्यापीठ करवून घेतं. त्यामुळे दोन शिक्षकांच्या विद्यार्थ्यांचे गुण एकाच मापात बसतात. राज्याच्या २००७च्या कायद्याखाली उभ्या राहिलेल्या खासगी विद्यापीठांत आणि स्वायत्त महाविद्यालयांत बहुधा शिकवणारा तोच पेपर काढतो आणि तोच तपासतो. तिथल्या गुणांवरून शिक्षकाबद्दल काहीच ठरवता येत नाही. सीसीईचे (सत्रभर चालणाऱ्या मूल्यमापनाचे) अंतर्गत गुण तर दोन्हीकडे बाजूलाच ठेवा. म्हणजे निकालाची चाळणी संलग्न महाविद्यालयांतच चालेल. खासगी विद्यापीठं अभ्यासात घ्यायची असतील तर स्वतःची पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी लागेल (त्याबद्दल पुढे).

निकालही कच्चे वापरू नका. सेक्शन कसे पाडले ते आधी कार्यालयात विचारा. प्रवेशाच्या तारखेप्रमाणे पाडले असतील तर ‘अ’ सेक्शनमध्ये पहिल्या फेरीतली मुलं असतात आणि शेवटच्या सेक्शनमध्ये सीएलसी राउंडला (महाविद्यालय पातळीवरच्या शेवटच्या प्रवेशफेरीला) आलेली, ज्यांचे सुरुवातीचे काही आठवडे बुडालेले असतात. त्या सेक्शनचा निकाल कमी लागला तर दोष शिक्षकाचा कसा? प्रत्येक विद्यार्थ्याचे बारावीचे गुण एका रकान्यात, विद्यापीठाच्या पेपरातले दुसऱ्या रकान्यात भरा. एक्सेलमध्ये सर्व सेक्शनची मिळून एकच रेषा बसवा. रेषेनुसार अपेक्षित गुण किती आणि प्रत्यक्ष किती, हा फरक काढून त्याची सेक्शनवार सरासरी घ्या. अशी तीन वर्षं पाहा. एका वर्षी सर्वांत वर असलेला माणूस पुढच्या वर्षी थोडा खाली येतोच, त्यात नशिबाचाही भाग असतो.

दुसरी चाळणी पुढचा पेपर शिकवणाऱ्या सहकाऱ्याची. गणित-१ कुणाकडे शिकलेली मुलं गणित-२ मध्ये कमी अडखळतात, हे गणित-२ शिकवणाऱ्याला बरोबर माहीत असतं. याला भक्कम आधार आहे. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत विद्यार्थ्यांना सेक्शन चिठ्ठ्या टाकल्यासारखे मिळतात आणि परीक्षा सर्वांना एकच असते. तिथली आकडेवारी कॅरल आणि वेस्ट यांनी २०१०मध्ये मांडली. ज्या प्राध्यापकांच्या हाताखाली चालू कोर्समध्ये गुण चांगले पडले आणि ज्यांना विद्यार्थ्यांनी वर चढवलं, त्यांचे विद्यार्थी पुढच्या कोर्सात सरासरीने मागे पडले. अनुभवी प्राध्यापकांचं चित्र उलट होतं.

तिसरी चाळणी माजी विद्यार्थ्यांची. पदवी घेऊन दोन वर्षं झालेल्यांना फक्त दोन प्रश्न विचारा : कोणाचं शिकवणं आज कामात येतं, आणि नेमकं काय? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘सर फार छान होते’ एवढंच आलं तर ते मत मोजू नका.

तीनपैकी दोन चाळण्यांत जो टिकला तो तुमच्या ‘नावाजलेल्या’ गटात. तिन्हींत टिकणारे फार थोडे निघतील, तो हट्ट नको.

प्रश्न : आमच्याकडे सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांचा ऑनलाइन फीडबॅक घेतात. ज्याचे गुण ४.६ तो उत्तम, ज्याचे ४.३ त्याला समज. आयक्यूएसीची (महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाची) जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली आहे. ही पद्धत ठीक आहे का? — एक सहायक प्राध्यापक, सुदामानगर

समज देण्याआधी कागदावर एक गणित करा. समजा ३० फॉर्म आले आणि गुणांचं प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप) ०.९ आहे. ०.९ला ३०च्या वर्गमुळाने भागा, साधारण ०.१६ येतात. दुप्पट केले की ०.३२. म्हणजे ४.३ हा आकडा प्रत्यक्षात ४.० ते ४.६ यांत कुठेही असू शकतो. या फरकावर कुणाची वेतनवाढ अडवणं म्हणजे चिठ्ठी उचलून अडवण्यासारखंच आहे.

आता फॉर्म भरले कसे जातात ते पाहा. हॉल तिकिटाआधी फॉर्म भरायची सक्ती असेल तर मुलं पंधराही प्रश्नांना सरसकट एकच पर्याय ठोकून मोकळी होतात. एक प्रश्न उलटा टाका. ‘शंका विचारल्यावर उत्तर मिळतं’ आणि आठ प्रश्नांनंतर ‘शंका विचारायची सोय राहत नाही’. दोन्हींना ‘पूर्ण सहमत’ लिहिणारे फॉर्म बाजूला काढा. किती निघतात ते पाहूनच या पद्धतीबद्दलचं तुमचं मत बदलेल. शिवाय फॉर्म रोल नंबरच्या लॉगिनमधून भरला जात असेल तर ‘नाव गुप्त राहील’ या वाक्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. ज्या शिक्षकाच्या हातात अंतर्गत गुण आहेत, त्याला मुलं खराब शेरा देत नाहीत.

इतकं सगळं नीट केलं तरी फीडबॅक नेमकं काय मोजतो, हा प्रश्न उरतोच. आंबाडी आणि रोझेन्थल यांनी १९९३मध्ये परक्या लोकांना शिक्षकांच्या अर्ध्या मिनिटाहून छोट्या, आवाज बंद केलेल्या चित्रफिती दाखवल्या. त्या लोकांनी दिलेलं मत सत्रअखेर विद्यार्थ्यांनी त्या शिक्षकांना दिलेल्या गुणांशी बरंच जुळलं. म्हणजे चेहरा, हातवारे, उत्साह यांचा वाटा मोठा. १९८१च्या एका एकत्रित विश्लेषणात फीडबॅक आणि शिकणं यांचं नातं बऱ्यापैकी दिसलं होतं. पण उट्टल आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये जुन्या-नव्या अभ्यासांची पुन्हा छाननी केली तेव्हा ते नातं जवळजवळ शून्यावर आलं. जुन्या अभ्यासांतले बरेचसे फार थोड्या सेक्शनवर बेतलेले होते. स्त्री शिक्षकांना त्याच कामाचे कमी गुण मिळतात, हेही दिसलं आहे. २०१५च्या एका प्रयोगात ऑनलाइन वर्गाला शिकवणारी तीच व्यक्ती पुरुषाचं नाव लावून वावरली तेव्हा तिला जास्त गुण मिळाले. गृहपाठ सारख्याच वेळेत परत केला होता, तरी तत्परतेचे गुणसुद्धा.

म्हणून फीडबॅक बंद करा असं आम्ही म्हणत नाही. प्रश्न बदला. ‘शिक्षकांचं विषयज्ञान कसं आहे’ हे एकोणीस वर्षांच्या मुलाला कळायचं कसं? त्याने डोळ्यांनी पाहिलेलं विचारा. पहिली चाचणी किती दिवसांत परत मिळाली? उत्तरपत्रिकेवर गुणांखेरीज काही लिहिलं होतं का? गेल्या दोन आठवड्यांत वर्गात स्वतः गणित सोडवायला किती वेळा वेळ मिळाला? शेवटच्या बाकावरच्या कुणाला नावानं हाक मारली का? असे सहा-सात प्रश्न, आणि तेही सत्राच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात, म्हणजे शिक्षकाला सुधारायला वेळ राहील. सत्राअखेरीचा फॉर्म नॅकच्या (महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या) फायलीसाठी हवा असेल तर खुशाल घ्या, पण त्यावरून माणसं तोलू नका.

प्रश्न : वर्गात बसून निरीक्षण करायचं म्हणजे नेमकं काय लिहायचं? मी आठ तास बसून पाहिले, वही भरली, पण त्यातून काही निष्पन्न होत नाही. — एम.एड.चा विद्यार्थी, लोकमान्यनगर

वहीत ‘छान समजावलं’, ‘वर्ग रमला’ अशी वाक्यं असणार. ती पुसा. मतं टिपायची नसतात, कृती टिपायच्या असतात, आणि त्याही घड्याळ लावून.

स्मिथ, जोन्स, गिल्बर्ट आणि वीमन यांनी २०१३मध्ये ‘कोपस’ नावाचा तक्ता तयार केला. दर दोन मिनिटांना एक ओळ, आणि शिक्षक व विद्यार्थी काय करत आहेत यासाठी २५ सांकेतिक खुणा. ५० मिनिटांच्या तासाला २५ ओळी होतात. मूळचे सगळे पंचवीस घ्यायची गरज नाही, बारा पुरे : सांगणं, फळ्यावर लिहिणं, पीपीटी वाचणं, प्रश्न विचारणं, उत्तराची वाट पाहणं, बाकांमधून फिरणं, विद्यार्थ्याची चूक धरून बोलणं, हजेरी व इतर कामकाज, आणि विद्यार्थ्यांकडून ऐकणं, लिहिणं, सोडवणं, विचारणं. इंदूरच्या वर्गासाठी एक रकाना आणखी जोडा, भाषेचा. खरगोन, बडवानी, धारहून हिंदी माध्यमातून आलेली मुलं बी.बी.ए.च्या इंग्रजी पुस्तकासमोर बसलेली असतात. शिक्षक व्याख्या इंग्रजीत सांगून उदाहरण हिंदीत देतो की सगळंच एका भाषेत उरकतो, हा फरक पाश्चात्त्य तक्त्यांत कुठेच सापडणार नाही. आमच्या मते इथल्या चांगल्या शिक्षकाची निम्मी हातोटी याच ठिकाणी आहे.

प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतो ते स्टॉपवॉचवर वेगळं मोजा. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात मोजलं तेव्हा बहुतेक शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते. थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबली, जास्त मुलं बोलू लागली, ‘माहीत नाही’ कमी झालं. ‘समझे?’ विचारून लगेच पुढे जाणं हा प्रश्न म्हणून मोजू नका. त्यासाठी वेगळी खूण ठेवा आणि एका तासात ती किती वेळा येते ते पाहा.

एका शिक्षकाचे किमान चार तास बघा. पहिला तास मोजणीत धरू नका, त्या दिवशी सगळे आवरून-सावरून बसलेले असतात. उरलेले तीन वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या वेळी, आणि त्यांतला एक जेवणानंतरचा. बसायचं मागून दुसऱ्या बाकावर. पुढे बसलात तर पहिल्या दोन रांगांची हुशारी सगळ्या वर्गाची वाटते.

एकूण तासांपैकी एक चतुर्थांश तासांना दुसरा निरीक्षक सोबत हवा, आणि तुमच्यापैकी निदान त्याला तरी कोण ‘नावाजलेला’ आहे हे माहीत नसावं. माहीत असलं की डोळे तेच शोधतात. दोघांच्या नोंदी किती जुळतात ते टक्क्यांत सांगून भागत नाही. समजा ८४ टक्के जुळल्या, पण खुणांचं प्रमाण पाहता योगायोगानेच ६० टक्के जुळल्या असत्या. मग कोहेनचा कप्पा (योगायोग वगळून जुळणी मोजणारा आकडा) ८४ वजा ६०, भागिले १०० वजा ६०, म्हणजे ०.६०. आमची पायरी ०.७०ची. त्याखाली आला तर दोघांनी एकत्र बसून ‘प्रश्न’ कशाला म्हणायचं याची व्याख्या पुन्हा लिहायची आणि नव्या तासावर पुन्हा मोजायचं. बहुतेक वेळा भांडण त्याच एका खुणेवर असतं.

प्रश्न : निकाल वापरता येत नसेल तर शिकणं मोजायचं कसं? — एक वाचक, देवास

सत्राच्या पहिल्या आठवड्यात आणि शेवटी तीच चाचणी द्या. भौतिकशास्त्रात बल-संकल्पनांची ३० प्रश्नांची तयार चाचणी आहे. त्या मापाने हेक यांनी १९९८मध्ये सहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांची तुलना केली. जेवढं शिकायचं बाकी होतं त्यातलं किती शिकले, असा त्यांचा हिशेब : उत्तरचाचणी वजा पूर्वचाचणी, भागिले १०० वजा पूर्वचाचणी. आधी ३०, नंतर ५८ टक्के, तर २८ भागिले ७०, म्हणजे ०.४०. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ०.२३ निघाली, विद्यार्थ्यांना करायला लावणाऱ्या वर्गांत ०.४८.

वाणिज्य किंवा व्यवस्थापनाला तयार चाचणी सहसा मिळणार नाही. जुन्या उत्तरपत्रिकांतल्या नेहमीच्या चुका गोळा करून त्यांचेच चुकीचे पर्याय बनवा, २० प्रश्न काढा आणि दुसऱ्या महाविद्यालयातल्या ३० मुलांवर करून पाहा. सर्वांना आलेले आणि कुणालाच न आलेले प्रश्न गाळा. चाचणीचे गुण सीसीईत धरणार नाही हे आधी सांगा, पण सोडवायला वेळ वर्गातच द्या. घरी दिली की व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तरं फिरतात. आणि शिक्षकाला प्रश्नपत्रिका आधी दाखवू नका. सज्जन माणूसही नकळत तेवढंच शिकवतो.

प्रश्न : मुलीला खासगी विद्यापीठात बी.टेक.ला घालायचं आहे. आम्हाला एवढा अभ्यास थोडाच करायचाय! शिक्षक बरे आहेत का हे कळायला साधा उपाय सांगा. — एक पालक, स्नेहलतागंज

प्रवेशाच्या काउंटरवर कळणार नाही. नॅकची श्रेणीही संस्थेची असते, वर्गात उभ्या राहणाऱ्या माणसाची नव्हे. सत्र चालू असताना एखाद्या मंगळवारी-बुधवारी सकाळी अकराला कँटीनमध्ये जाऊन दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला. पहिल्या वर्षाचं गणित कोण शिकवतं आणि गेल्या वर्षीही तेच होते का? चाचणीचा पेपर हातात परत मिळतो की नुसते गुण पोर्टलवर दिसतात? प्रयोगशाळेत किती मुलांत एक संच असतो? तीन वेगवेगळ्या मुलांनी एकाच शिक्षकाचं नाव आपणहून घेतलं तर तो विभाग पाहण्यासारखा आहे. वर्षाच्या मध्यात शिक्षक बदलल्याच्या तक्रारी दोनदा-तीनदा कानावर आल्या तर मात्र इमारतीला आणि एसी वर्गांना भुलू नका.

प्रश्न : मुलाखतींत सगळे गोलगोल बोलतात. खरं कसं काढायचं? — एक संशोधक, विजयनगर

‘तुमचं अध्यापनाचं तत्त्वज्ञान काय’ असं विचारलं की भाषणच मिळणार. फ्लॅनगन यांनी १९५४मध्ये मांडलेली प्रसंगांची पद्धत वापरा : ‘या महिन्यात एखादा तास फसला असं वाटलं तो कोणता? विषय काय होता? कुठे लक्षात आलं? मग काय केलंत? पुढच्या तासाला काय बदललंत?’ फसलेला एक, जमलेला एक. उत्तर ‘मी नेहमी असं करतो’ असं सुरू झालं की हळूच ‘त्या दिवशी?’ म्हणून परत आणा.

त्याहून चांगलं म्हणजे परवानगीने तासाचं ध्वनिमुद्रण करून दोन दिवसांच्या आत त्यातले पाच तुकडे शिक्षकाला ऐकवायचे. ‘इथे तुम्ही थांबून उदाहरण बदललंत, का?’ दोन दिवसांपलीकडे गेलं की माणूस आठवत नाही, रचून सांगतो. साधारण शिक्षक म्हणतो, वेळ होता म्हणून बदललं. चांगला शिक्षक सांगतो की घसारा आणि तरतूद यांत मुलं दरवर्षी इथेच गोंधळतात, म्हणून. विषयातली कोणती गाठ कुठे बसते, याचं हे ज्ञान. शुलमन यांनी १९८६मध्ये याच्याकडे लक्ष वेधलं, आणि जोडीतल्या दोघांत फरक शोधायचा तर आधी इथे शोधा.

एका तासाच्या मुलाखतीच्या लेखनाला पाच-सहा तास धरा. हिंदी, मराठी, इंग्रजी अशी मिसळ असेल तर जास्तच. बोलले त्याच भाषेत टंकित करा. भाषांतर फक्त प्रबंधात उद्धृत करायच्या वाक्यांचं.

प्रश्न : संस्थेने परवानगी दिली, पण अट घातली की कुणाला किती गुण पडले ते दाखवायचं. मान्य करावं का? — एक संशोधक, पलासिया

करू नका. खासगी संस्थेत बरेच जण करारावर असतात. कोड २८ (महाविद्यालयीन शिक्षकांच्या निवडीचा नियम) खाली रीतसर निवड झालेले वेगळे आणि वर्षावर्षाला नूतनीकरण होणारे वेगळे. आपलं निरीक्षण नूतनीकरणाच्या फायलीत जाणार असं कळलं की चारही तास तुम्हाला नाटकच पाहायला मिळेल. अभ्यास तिथेच बुडाला.

कायद्याचाही मुद्दा आहे. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संशोधनासाठी सवलत आहे, पण त्या माहितीवरून त्या व्यक्तीबद्दल निर्णय घेतला जाऊ नये, या अटीवर. व्यवस्थापनाला तोच निर्णय घ्यायचा असेल तर सवलत तुम्हाला लागू होत नाही, असं त्यांना नम्रपणे लेखी कळवा. बदल्यात विभागवार नव्हे, सगळ्या महाविद्यालयाचा एकत्रित अहवाल देऊ करा. बहुतेक जण तेवढ्यावर राजी होतात. न झाल्यास संस्था बदला.

नावं काढून टाकली म्हणजे ओळख लपली असं समजू नका. ‘भौतिकशास्त्राच्या एक अनुभवी प्राध्यापिका’ असं लिहिलंत आणि त्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राला बाई एकच असतील, तर शिपायालाही कळेल. विषयाऐवजी ‘विज्ञान शाखा’ लिहा, वर्षांऐवजी ‘दहाहून अधिक’, आणि जोडीतल्या दोघांचे तपशील एकाच पानावर येऊ देऊ नका. जोडीतल्या दुसऱ्या शिक्षकाला आपण ‘साधारण’ म्हणून निवडले गेलो हे कधीही कळता कामा नये. संमतिपत्रात दोघांनाही एकच वाक्य द्या : ‘एकच पेपर शिकवणाऱ्या शिक्षकांच्या पद्धतींची तुलना’. ते खरंही आहे. नावं आणि सांकेतिक क्रमांक जुळवणारी यादी लॅपटॉपवर ठेवू नका. कागदावर, कुलपात, आणि प्रबंध मान्य झाल्यावर फाडून टाका.